तारेनं होतं, पण सगळीकडे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवरच्या उपचारांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. लेख मेहनतीनं लिहिलाय, चित्रंही चांगली आहेत. पण शेवटच्या रकान्यात ‘मांडीतून तार घालून सगळं होत असल्यामुळे कवटी उघडण्याचे दिवस आता सरले’ असं वाक्य आहे, तिथे मी अडलो. आमच्या धाकट्या भावाची कवटी मागच्याच वर्षी उघडली. आणि ती उघडा असं सांगणारे डॉक्टर स्वतः तारेचंच काम करणारे होते. म्हणून हे पत्र. लांबलंय, कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या पाण्याच्या गोष्टींना लावा, आजाराच्या भागाला नको.

मी इंदूरला पाणीपुरवठ्यात ३४ वर्षं काढली, त्यातली निम्मी खड्ड्यात उभं राहून. मी डॉक्टर नाही. इथे जे लिहितोय ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलेलं, मी पुन्हा पुन्हा विचारून वहीत उतरवलेलं आणि नंतर त्यांच्याकडूनच तपासून घेतलेलं आहे. तिसऱ्या वेळी वही घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या कंपाउंडरनं मला बघून कपाळाला हात लावला होता, तेही नमूद करतो.

धाकट्याचं रामबागेत मसाल्याचं दुकान आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालिपिठाची भाजणी. इथून पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकीसुनांना त्याच्याकडचे डबे जातात. दुकानात काटा आहे, पण कढईपाशी घड्याळ नाही. धणे कधी उतरवायचे हे तो नाकानं ठरवतो. मागच्या चैत्रात, हंगाम जोरात असताना, भरदुपारी धणे करपल्याचा वास आला. भावजय मागच्या खोलीतून धावतच आली, कारण इतक्या वर्षांत त्याच्या हातून धणे कधी लागले नव्हते. तो पोत्यावर बसला होता, हात कपाळावर. तिला म्हणाला, “आज बाजार बंद आहे का गं?” बाजार चालू होता. मग ओकारी झाली. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं, त्यामुळे पहिला तास पित्त समजण्यात गेला.

सीटी स्कॅनमध्ये उजव्या कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या टोकाला, रक्ताची गाठ दिसली. ज्या दवाखान्यात नेलं होतं तिथे पहिले चार दिवस ‘बीपीचा झटका’ म्हणूनच सगळं चाललं. बीपी वाढलेलं होतंही. पाचव्या रात्री पाळीवर असलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाली, बीपीनं फुटणारी नळी बहुतेक करून मेंदूच्या खोल गाभ्यात फुटते. इतकी पुढे, अगदी डोळ्याच्या खोबणीच्या छतावर, रक्त आलंय तर दुसरं काही आहे का ते बघायला हवं. तिच्यामुळे अँजिओग्राफी झाली. या दिवाळीला पहिला डबा तिच्या घरी गेला.

निदान निघालं ते ‘ड्युरल फिश्चुला’. हा शब्द आपल्या लेखात एका ओळीत येऊन गेलाय, म्हणून जरा सांगतो. मेंदूभोवती जाड कापडासारखं एक आवरण असतं, त्याला ड्युरा म्हणतात. त्या आवरणातल्या धमन्या आणि मेंदूवरच्या शिरा यांच्यात नको तिथे थेट जोड तयार होतो. आता माझी पाण्याची गोष्ट. आपल्या इंदूरला नर्मदा जलूदहून सत्तर किलोमीटरांवरून येते आणि वाटेत विंध्याचा चढ चढते. पंपांनी दाबून ती वांचू पॉइंटपर्यंत वर न्यायची, तिथून पुढे उतारानं शहरात आणायची. त्या चढत्या लाइनचा दाब सोसायला तसाच दणकट पाइप लागतो. तो दाब कुणी गल्लीतल्या प्लॅस्टिकच्या नळीत सोडला, तर सकाळपर्यंत गल्लीचा तलाव होईल. धमनी म्हणजे चढती लाइन, शीर म्हणजे परतीची पातळ नळी. दोघींच्या मध्ये केसांहून बारीक नळ्यांचं जाळं असतं, तिथे दाब मरतो. फिश्चुलात मधलं हे जाळंच नसतं. शीर फुगते, पिळवटते, तिला एखाद्या जागी फुगा येतो आणि एक दिवस तो फुटतो. धाकट्याचा फुटला.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या जितक्या म्हणून विकृती सापडतात, त्यांत हे ड्युरल फिश्चुले १० ते १५ टक्के. त्यातही नाकाच्या मुळाच्या वर, कवटीच्या तळाच्या पुढच्या भागात असणारे मोजकेच. जन्मापासून नसतात, पन्नाशी-साठीत उगवतात, आणि या जागेचे पुरुषांत जास्त. कानाजवळचा फिश्चुला असला तर नाडीच्या ठेक्यावर कानात झूं झूं ऐकू येतं, माणूस आपणहून डॉक्टरकडे जातो. हा मात्र बहुतेक वेळा फुटेपर्यंत गप्प बसतो. रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरेत उलटं शिरत असेल तर तो धोक्याचा, हे १९९५ साली बोर्डन आणि कोन्यार यांनी केलेल्या दोन्ही वर्गवाऱ्यांचं मूळ आहे. धाकट्याचा कोन्यारच्या हिशोबात चौथ्या प्रकारचा होता, म्हणजे रक्त थेट मेंदूवरच्या शिरेत आणि त्या शिरेला फुगाही. असे धोक्याचे फिश्चुले तसेच राहिले तर काय होतं, हे टोरांटोच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडलं होतं: वर्षाला १०.४ टक्के मृत्यू. अभ्यास लहान होता, तरी आकडा ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला. तेव्हा बंद करायचा की नाही हा प्रश्नच नव्हता. कसा बंद करायचा, एवढाच होता.

आणि इथे घोळ सुरू झाला. अँजिओग्राफीच्या संध्याकाळीच आम्हाला बोलावून सांगण्यात आलं, फिश्चुला आहे, तारेनं गोंद सोडून बंद करू, उद्याच, बिनटाक्याचं, तिसऱ्या दिवशी घरी. खर्चाचा कागद तयार होता. गोंदाच्या एका कुपीची किंमत दुकानाच्या महिन्याच्या गल्ल्याहून जास्त होती, पण त्याची तक्रार नाही, दुकानं याचसाठी चालवायची असतात. संमतीचा कागद इंग्रजीत होता. पुतण्यानं तो उभ्या उभ्या वाचला आणि खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते, असं तिथे होतं. त्यानं विचारलं, तर उत्तर आलं, “वो तो सब में लिखा रहता है, भैया.” सगळ्यांत लिहिलेलं नसतं. ते या जागेसाठीच लिहिलेलं होतं, हे आम्हाला चार दिवसांनी कळलं.

अँजिओग्राफीची सीडी मिळवायला दोन दिवस लागले. आधी ‘रिपोर्ट दिलाय ना’, मग ‘मशीनवाला नाही’, मग ‘अर्ज लिहा’. रिपोर्ट अडीच ओळींचा होता. ३४ वर्षं सरकारी खुर्चीच्या या बाजूला बसलोय, त्यामुळे अर्ज लिहायला सांगणाऱ्याला काय हवं असतं ते मला कळतं: आपण कंटाळून घरी जावं. मी बाकावर बसून राहिलो. सीडी मिळाली.

ती घेऊन आम्ही दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. यांचा धंदाच तारेचा. पायातून किंवा मनगटातून बारीक नळी घालून मेंदूपर्यंत जायचं, प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरायची, नाहीतर गोंद सोडायचा. पुतण्या वाटेत म्हणाला होता, “काका, हे पण तेच सांगणार.” डॉक्टरांनी फिल्म लावली. काळं औषध मानेतून वर चढताना दिसलं, डोळ्याकडे जाणारी धमनी करंगळीएवढी जाड झालेली (पडद्यावर हो, खरी नव्हे), तिच्यापासून नाकाच्या मुळाकडे फुटलेली एक नागमोडी फांदी, आणि तिच्या टोकाला एकदम शीर, फुग्यासकट. त्यांनी तीच सेकंदं चार वेळा मागेपुढे केली. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “अंकल, ये मेरा केस नहीं है.”

कारण त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे काढून दाखवलं. तो कागद माझ्याकडे आहे. या फिश्चुलाला रक्त पुरवते ती डोळ्याच्या धमनीची फांदी. डोळ्याच्या त्याच धमनीला आधी आणखी एक फांदी फुटते, ती डोळ्याच्या पडद्याला रक्त देते. तिला जोड नाही, पर्याय नाही. तार घेऊन जायचं म्हणजे त्या फाट्यावरूनच पुढे जायचं. पुढे जाऊन गोंद सोडला आणि तो थोडासा जरी मागे सरकला, तर पडद्याची फांदी बंद आणि डोळा गेला. गोंद पुढे पोचलाच नाही, तर फिश्चुला उघडाच. शिवाय रस्ता वळणावळणाचा, नळी तिथवर पोचेलच याची खात्री नाही. उलट सर्जनच्या बाजूनं पाहिलं तर ही जागा अगदी दारात आहे: कपाळाचं हाड उचलायचं, मेंदू किंचित मागे सरकतो, आणि नाकाच्या वरचं जे चाळणीसारखं भोकंभोकं असलेलं हाड असतं, तिथून शीर बाहेर पडताना डोळ्यांना दिसते. तिच्या बुंध्याशी चिमटा लावला की काम झालं. या जागेचे फिश्चुले शस्त्रक्रियेनं पूर्ण बंद होण्याचं प्रमाण शंभराच्या अगदी जवळ आहे. तारेचं तेवढं नाही. धमनीऐवजी शिरेच्या बाजूनं उलटं वर चढून बुंध्यापर्यंत जाण्याची रीतही आता निघालीय, निवडक हातांत ती चांगली जमते. पण नुकत्याच फुटलेल्या, इतक्या पिळवटलेल्या शिरेतून ते स्वतः जाणार नाहीत, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

त्यांनी वरच्या मजल्यावरच्या न्यूरोसर्जनना फोन केला. ते हातातला चहाचा कप घेऊनच खाली आले. दोघं एका पडद्यासमोर बसले, ‘इधर से’, ‘नहीं, थोड़ा और मीडियल’ असं काहीबाही बोलले, आणि दहा मिनिटांत ठरलं. त्या दहा मिनिटांसाठी आम्ही आधीच्या आठवड्यात काय काय केलं होतं! पहिल्या ठिकाणी ती दहा मिनिटं झालीच नाहीत. तिथे तार घालणारा होता, सर्जन आठवड्यातून एकदा बाहेरून यायचा. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला तेच काम दिसणार. यात कुणाची लबाडी होती असं मी म्हणत नाही.

बुंध्याशी चिमटा का, पुरवठा करणाऱ्या फांद्या बंद करून का भागत नाही, हे मला मात्र लगेच कळलं, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. एका जुन्या वस्तीत एक सांधा दर महिन्याला उडायचा. वरून दाबाची लाइन कुठेतरी खालच्या लाइनला मिळाली होती. मी येणारा एक वॉल्व्ह बंद केला, पंधरा दिवस शांतता. मग पुन्हा उडाला, पाणी दुसऱ्या बाजूनं यायला लागलं होतं. तोही बंद केला, तर तिसरीकडून. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरनं सांगितलं, साहेब, येणाऱ्या तोट्या मोजत बसू नका, जिथे मिळालंय तिथे खणा. फिश्चुलाचंही तसंच आहे. आवरणातल्या धमन्या एकीला दहा. दोन बुजवल्या तर बाकीच्या जाड होतात. जोडाच्या जागी, शिरेच्या सुरुवातीलाच, बंद झालं पाहिजे. तारेनं केलं तरी गोंद तिथवर पोचलाच पाहिजे. ‘थोडा राहिलाय, बघू पुढे’ ही भाषा या आजारात चालत नाही.

आता आपल्या लेखातल्या मोठ्या आकड्याकडे येतो. कॉइल (तारेनं भरायची वेटोळी) विरुद्ध क्लिप (कवटी उघडून लावायचा चिमटा) या २००२ सालच्या अभ्यासाचा दाखला लेखात आहे. अभ्यास खरा, मोठाही: २१४३ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, वर्षभरानं मृत किंवा परावलंबी झालेले तारेच्या गटात २३.७ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ३०.६ टक्के. पण ते सगळे रुग्ण धमनीला आलेल्या फुग्याचे होते, म्हणजे अन्युरिझमचे, आणि त्यातही असे की दोन्ही रीतींनी उपचार होऊ शकेल असं डॉक्टरांना वाटत होतं. फिश्चुलाचा त्यात संबंध नाही. नाकावरच्या फिश्चुलांसाठी असा चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास झालेलाच नाही, इतके रुग्ण कुठून आणणार? एका आजाराचा आकडा उचलून शेजारच्या आजाराला लावणं म्हणजे टाकीची पातळी पाहून विहिरीचं पाणी सांगण्यासारखं आहे.

याचा अर्थ तार वाईट असा कुणी घेऊ नये, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या मुलाची गोष्ट सांगतो. विशीतला पोरगा, बायपासवर मोटारसायकलवरून पडला होता. हेल्मेट अर्थातच हँडलला. जखमा भरल्या, आणि काही दिवसांनी एक डोळा लाल होऊन बाहेर यायला लागला. त्याच्या आईनं डोळे आल्याचे थेंब महिनाभर घातले. डॉक्टरांनी डोळ्यावर स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा आतून इंजिनासारखा आवाज येत होता; त्यांनी मला ऐकू दिला, तो अजून कानात आहे. त्याचाही धमनी-शिरेचा जोड कवटीच्या तळाशीच होता, धाकट्याच्या जोडापासून जेमतेम दोनतीन इंच मागे. पण जागा पूर्ण वेगळी. तिथे शिरेच्या रक्तानं भरलेली स्पंजासारखी एक पिशवी असते, मेंदूची मुख्य धमनी तिच्या आतून जाते, आणि डोळा हलवणाऱ्या नसाही तिथेच दाटीवाटीनं. अपघातात धमनीला आतल्या आत भोक पडलं होतं. सुरी घेऊन तिथे शिरणं म्हणजे काय, तर १९६०च्या दशकात कॅनडाच्या पार्किन्सन नावाच्या सर्जननी (कंपवाताचे पार्किन्सन हे नव्हेत) रुग्णाचं अंग थंड करून, हृदय थांबवून ती पिशवी उघडली होती. मग १९७४ मध्ये मॉस्कोच्या सेर्बिनेन्को यांनी धमनीतून सुटा होणारा छोटा फुगा नेऊन भोक बुजवण्याची रीत जगापुढे मांडली, आणि त्या जागेची शस्त्रक्रिया जवळपास इतिहासजमा झाली. आता फुग्याऐवजी बहुधा प्लॅटिनमची वेटोळी भरतात. त्या पोराला सकाळी नेलं, दुपारी आणलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं वाक्य बोललं ते “मम्मी, आवाज बंद हो गई.” डोळा हळूहळू आत गेला.

दोन खाटा, मध्ये एक पडदा. एकाला तार बरोबर, दुसऱ्याला करवत बरोबर. आपल्या लेखात हे यायला हवं होतं.

इतर जागांचं थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाला लागेल. कानामागच्या मोठ्या शिरेजवळच्या फिश्चुलांना बहुतेकदा कवटीच्या आतल्या बाजूनं जाणाऱ्या आवरणाच्या धमनीतून रक्त येतं. तो रस्ता सरळ आहे, तिथे ऑनिक्स नावाचा काळा, लाव्ह्यासारखा हळू सरकणारा द्रव फार चांगला काम करतो आणि तारच पहिली. (हा द्रव ज्यात विरघळवतात त्या औषधामुळे रुग्णाच्या अंगाला आणि श्वासाला एकदोन दिवस लसणासारखा वास येतो. धाकटा ऐकून म्हणाला, “मग गिऱ्हाइकं तुटली असती.”) मान आणि कवटी जिथे मिळते तिथल्या जोडाला मात्र ज्या धमनीतून रक्त येतं, तिच्यातूनच मज्जारज्जूची धमनीही निघू शकते, तिथे गोंद भलतीकडे गेला तर हातपाय जातात. जपानमध्ये अशा ९७ रुग्णांची तुलना केली, तेव्हा उघड्या शस्त्रक्रियेचं पारडं जड निघालं: रक्तपुरवठा तुटल्याचे प्रकार कमी, पुन्हा उपचाराची वेळ कमी. गामा नाइफची किरणंही आहेत, पण जोड बंद व्हायला एकदोन वर्षं लागतात. एकदा फुटलेल्याला तेवढी सवड नसते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जननी धाकट्याला समोर बसवून सांगितलं की तारेत डोळ्याचा धोका होता, तसा यात नाकाचा आहे. वासाच्या नसा त्याच चाळणीच्या हाडातून वर येतात आणि त्यांच्या अगदी लगतच काम करायचं आहे. एका बाजूचा वास जाऊ शकतो, क्वचित दोन्ही बाजूंचा. खोलीत कुणी बोलेना. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, वासाचं काय एवढं. धाकट्याचं पोट त्यावर आहे. तो बराच वेळ स्वतःचे तळहात हुंगत बसला. गाठ थोडी विरली होती, डोकं ठिकाणावर आलं होतं, तेव्हा विचार त्याचाच होता. मग मला म्हणाला, “दादा, वास हिला येतो. डोळा हिचा मला लावता येणार नाही.” भावजय बाहेर निघून गेली.

सकाळी नऊला नेलं, दीडच्या सुमाराला सर्जन बाहेर आले. संध्याकाळी त्यांनी सूक्ष्मदर्शकातली फिल्म दाखवली. असलं काही बघण्याची छाती नव्हती, पण वॉल्व्ह बंद होताना बघायची सवय आहे म्हणून बघितली. शीर निळसर असायला हवी. ती धमनीसारखी लालभडक होती आणि ठेक्यावर उडत होती. बुंध्याशी चिमटा बसला. दोनतीन ठोके काहीच झालं नाही. मग रंग बदलला, वरून खाली, लालाचा जांभळा, जांभळ्याचा काळपट निळा, आणि उडणं थांबलं. आमच्या पंपहाउसमध्ये काटा खाली येताना मी हजारदा पाहिलाय, पण हे पाहताना मी टेबल धरून उभा होतो. आठव्या दिवशी पुन्हा अँजिओग्राफी केली, शीर दिसतच नव्हती. ही नंतरची अँजिओग्राफी टाळू नका, पैसे वाचवायला तर नकोच. जोड खरंच बंद झालाय की नाही, हे तिच्यावाचून कळत नाही.

उजव्या बाजूचा वास गेला तो गेला. डाव्या बाजूचा आहे, पूर्वीइतका तिखट नाही.

आपल्याकडून मागणं एवढंच आहे. पुढच्या पुरवणीत चार ओळींची चौकट छापा. ‘बिनटाक्याचं’ हा शब्द ऐकून सही करण्याआधी घरच्यांनी जोड नेमका कुठे आहे, त्याला कुठल्या धमनीतून रक्त येतं आणि त्याच धमनीवर आणखी काय अवलंबून आहे, हे विचारावं. पूर्ण अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी, नुसता रिपोर्ट नव्हे. तार घालणारा आणि सर्जन या दोघांनी एकत्र ती पाहिली आहे का, हेही विचारावं; एकाच छताखाली दोघं नसतील तर सीडी पिशवीत घालून दुसऱ्या दारात जाता येतं, आम्ही सिटी बसनं गेलो होतो. अर्थात रुग्ण शुद्धीत आणि स्थिर असेल तरच ही सवड. गाठ मोठी असेल, माणूस बुडत असेल, तर समोरचा सर्जन सांगेल ते करा.

दुकान श्रावणापासून पुन्हा चालू आहे. धाकटा आता कढईवर डावीकडून वाकतो, मान जरा तिरपी करून; नवीन गिऱ्हाइकाला वाटतं मान अवघडलीय. शेवटचा हात भावजयीचा. परवा थालिपिठाच्या भाजणीतले तांदूळ जरा जास्त भाजले गेले, त्याला कळलं नाही, तिला कळलं. तिनं तो घाणा घरात ठेवून घेतला, विकला नाही. त्यातलं किलोभर माझ्याकडे आलंय. थालिपीठ चांगलं होतं.

आपला,
पाणीपुरवठ्यातला एक निवृत्त वाचक, इंदूर

ता. क. : लेखातल्या दुसऱ्या चित्राखाली ‘शीर’ आणि ‘धमनी’ हे शब्द एकमेकांच्या जागी छापले गेले आहेत. बाकी आजारांत एक वेळ चालून गेलं असतं. कृपया दुरुस्ती करावी.